कच्चा फोटो

डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो मागितले तेव्हा थोरला चक्क हसला. आईच्या गालावरच्या नव्या डागाविषयी बोलणं चाललं होतं, समोर खुर्चीत खुद्द आई बसली होती, आणि हा माणूस हसला. "फोटो? आणि आमच्याकडे मागताय? अहो, पन्नास वर्षांचा स्टुडिओ आहे आमचा. किती हवेत तेवढं सांगा."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण फुशारकी ओळखायला वय लागत नाही. त्यांनी न चिडता पुन्हा समजावलं. अकरा वर्षांपूर्वी आईच्या डाव्या गालावरून आणि नाकपुडीच्या कडेवरून कॅन्सर काढला होता. जात सावकाश वाढणारी, पण आठ-दहा वर्षांनीसुद्धा त्याच जागी परत डोकं वर काढणारी. आता व्रणाच्या कडेला, नाक आणि डोळा यांच्या मधोमध, मेणासारखा चकचकीत डाग आला होता. सोमवारी त्याचा तुकडा काढून तपासायचाच होता. "पण तो तिथे किती वर्षं आहे, कुठल्या बाजूला सरकतोय, हे कळलं तर किती कापायचं ते ठरवायला मला मदत होईल," त्या म्हणाल्या. "डोळ्याकडे भराभर निघाला असेल, तर खालची पापणी वाचेलच असं मी सांगू शकत नाही. दरवर्षी दाखवलं असतं तर नोंद असती. शेवटचं कधी दाखवलं होतं?"

थोरल्याला एकदम टेबलावरचं पेपरवेट फार आवडलं. तो तेच बघत राहिला.

"सहा वर्षांपूर्वी," आई म्हणाली. "पाच वर्षं झाली म्हणून पोरांनी केक कापला आणि फाईल बंद केली."

हा झाला गुरुवार. रविवारी स्टुडिओचा वाढदिवस होता. बाबांनी ज्या तारखेला दुकान उघडलं, त्या तारखेला सगळ्या घराने एकत्र फोटो काढायचा, हा त्यांचा शिरस्ता ते गेल्यावरही चालू होता. एकमेकांची तोंडं बघवत नसली तरी त्या दिवशी सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहत, आणि खांदे सुटले की पुन्हा भांडत. फोटो वरच्या मजल्याच्या जिन्यात ओळीने टांगलेले होते. त्यामुळे रविवारी सकाळी थोरला, त्याची बायको म्हणजे सगळ्यांची वहिनी, परगावाहून आलेली ताई आणि दिवसभर फोटोंवर ब्रश फिरवतो म्हणून 'कुंचला' नाव पडलेला धाकटा असे चौघे जिन्यात उभे होते, आणि आई खालच्या पायरीवर स्टूल घेऊन बसली होती. थोरला एकेक फोटो खिळ्यावरून उतरवत होता. तिसऱ्या फोटोपर्यंत त्याचा आवाज मोठा होता. सातव्यापर्यंत तो नुसताच खाकरायला लागला.

एकाही फोटोत व्रण नव्हता.

डावा गाल अकराच्या अकरा फोटोंत लोण्यासारखा गुळगुळीत होता. नाकपुडी पूर्ववत. खालची पापणी, जी शस्त्रक्रियेनंतर कातडी आखडून खाली ओढली गेली होती आणि जिच्यामुळे तो डोळा अकरा वर्षं गळत होता, ती पापणी फोटोत अगदी जागच्या जागी. पासष्टाव्या वर्षी ऑपरेशन झालेली बाई जिन्यात पायरीगणिक तरुण होत गेली होती.

"मूळ काढ," थोरला कुंचल्याला म्हणाला. "साफ करायच्या आधीचे. कॉम्प्युटरवर असतील."

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे नाहीत. कच्चा फोटो आपण ठेवतो का?"

कच्चा म्हणजे हात न फिरवलेला, कॅमेऱ्याने पाहिला तसा. बाबांनी धंद्याच्या दुसऱ्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाला चुकून त्याचा कच्चा फोटो दिला होता. त्या गृहस्थाने आपला चेहरा पाहिला आणि काउंटरची काच फोडली. तेव्हापासून नियम झाला: काम संपलं की कच्चा फोटो त्याच दिवशी फाडायचा. पुढे कागद गेले, कॉम्प्युटर आले, तरी कुंचला काम झालं की मूळ फाईल पुसून टाकायचा. थोरला तर नव्या नोकरांना हा नियम छाती फुगवून सांगायचा. आता त्याच छातीतली हवा गेली होती.

"फोनमध्ये बघा ना," ताई म्हणाली. ताई कोर्टात स्टेनो होती. कुणी काय म्हटलं, कधी म्हटलं, हे तिच्या डोक्यात तारीखवार असायचं, आणि ती ते भावांच्या तोंडावर वाचून दाखवायची. तिने स्वतःचा फोन काढला, बोटाने सरकवत गेली, आणि हळूहळू तिचंही तोंड बारीक झालं. तिच्या फोनमध्ये आई होती, पण सगळीकडे उजवीकडून. कुठे गालावर हात, कुठे अर्धी दारामागे. दोन फोटोंत समोरून होती, पण तिथे फोननेच आपली अक्कल चालवून सगळ्यांना साबणाच्या जाहिरातीसारखं केलं होतं.

"वा," आई खालून म्हणाली. "फोटोवर जगणारं घर. आणि म्हातारीचा एक फोटो सापडेना."

तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. ताई धावत खाली आली. "आई, रडू नकोस गं."

वहिनीने वरूनच मान फिरवली. तिला हे नाटक पाठ होतं. रोज सकाळ-संध्याकाळ त्या डोळ्यात थेंब तीच घालायची. कपाळाची कातडी नाकावर बसवल्यामुळे तिथे उगवणारे केस दर पंधरा दिवसांनी चिमट्याने तीच काढायची. चहाचा घोट बधिर ओठावरून हनुवटीवर आला की डोळ्याने खूण तीच करायची. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून ज्यांनी केक खाल्ला, त्यांना ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. आणि आईंचा तो डोळा रडत नाही, गळतो, हेही तिला एकटीलाच माहीत होतं. वाऱ्याने गळायचा, टीव्हीने गळायचा. आईंनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला होता. दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले की त्या नुसता तो डोळा पदराने टिपायच्या, की दोघांची बोलती बंद. खरं रडू आलं तर ते उजव्या डोळ्यातही येणार. तसं वहिनीने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मला एक सांग वहिनी," ताईचा मोर्चा वळला. "तू रोज इतक्या जवळून बघतेस. तुला डाग दिसला कधी?"

"मागच्या महिन्यात."

"मागच्या महिन्यात! एवढा मोठा झाल्यावर?"

"तेच मी म्हणतोय," थोरल्याने लगेच बहिणीच्या सुरात सूर मिसळला. खापर फोडायला डोकं मिळालं की भावंडांचं प्रेम असं उफाळून येतं. "घरात बाई असून लक्ष नको?"

वहिनी शाळेत गणित शिकवायची. मूर्ख उत्तरं ऐकून घ्यायची तिला सवय होती, पण चुकीच्या उत्तराला गुण द्यायची नव्हती. "लक्ष होतं म्हणूनच दिसला," ती म्हणाली. "मी तीन वर्षं म्हणतेय, डॉक्टरांना दाखवू. तुम्ही काय म्हणालात? 'पाच वर्षं झाली की सुटलो, डॉक्टरच म्हणालेत.' म्हणालात की नाही?"

"म्हणालेच होते डॉक्टर!"

"डॉक्टर म्हणाले होते," आईने खालून दुरुस्ती केली, "पाच वर्षं छान गेली, आता वर्षातून एकदाच या. तू पहिलं अर्धं ऐकलंस आणि बेकरीत गेलास."

ताईने डोळे बारीक केले. तिची बाजू बदलली हे सगळ्यांना दिसलं. "दादा, तू मला फोनवर सांगितलं होतंस की डॉक्टरांनीच नको म्हटलंय. तारीख सांगू?"

"तू गप गं, स्टेनोबाई! वर्षातून दोनदा यायचं आणि उलटतपासणी घ्यायची. न्यायचं होतंस तू."

"मी नेलं असतं. मला खरं कळलं असतं तर."

"हो, हो. तुला कळलं असतं तर तू पत्र टाइप करून पाठवलं असतंस."

हे भांडण खूप वेळ चाललं असतं. ह्या घराला भांडणाचा कंटाळा कधीच नव्हता. पण कुंचला मध्येच म्हणाला, "मला दिसला होता."

कोणी ऐकलं नाही. कुंचल्याचं कोणी ऐकत नसे. पंचेचाळिशीचा झाला तरी तो घरातला धाकटाच होता, आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या मुरमांवर हात फिरवणाऱ्या माणसाला काय मत असणार, असं थोरल्याचं म्हणणं होतं. तो पुन्हा म्हणाला, "मला डाग दिसला होता. मीच पुसत होतो."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"पडद्यावर चेहरा चौपट मोठा होतो," कुंचला जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला. "आधी व्रण काढायचो. मग पापणी. एका वर्षी व्रणाच्या कडेला एक पांढरा ठिपका दिसला. मला वाटलं, दिव्याची चमक असेल. पुसला. पुढच्या वर्षी तिथेच होता. पुसला. मग तो कामाचाच भाग झाला. मी हातानेच करायचो, डोक्याने नाही."

"डोक्याने!" थोरला कडाडला. त्याला मनापासून हायसं वाटलं होतं, आणि माणसाला हायसं वाटलं की तो जास्त ओरडतो. "आईच्या तोंडावर कॅन्सर वाढतोय आणि हा दरवर्षी त्याला रंगसफेदी करतोय! बोलायला काय झालं होतं तुला? जीभ झडली होती?"

"कुणाला सांगू? तू फोटो बघून म्हणायचास, शाब्बास, आईला ठणठणीत केलंस."

"मी फोटोबद्दल बोलत होतो!"

"मीसुद्धा फोटोच बघत होतो, दादा. तेच तर चुकलं."

ताई काही बोलणार होती. वहिनीने हात वर केला, वर्गात करते तसा. "थांबा जरा. भाऊजी, पुसायला किती मोठा ब्रश घ्यायचात, आठवतं?"

कुंचल्याने वर पाहिलं. ह्या घरात त्याला त्याच्या कामाबद्दल खरा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारला होता. "आठवतं की. ब्रशचा आकडा रोज हाताखाली असतो. मागच्या वर्षी तेरा. त्याच्या आधी अकरा."

"आणि फोटो एकाच अंतरावरून निघतो."

"एकाच. स्टँडचे तिन्ही पाय बाबांनी जमिनीत ठोकलेल्या पितळी खिळ्यांवर. लेन्स तीच, आईची खुर्ची तीच. चेहरा दरवर्षी केसाइतकासुद्धा लहान-मोठा होत नाही."

"मग झालं तर," वहिनी म्हणाली. "तेराला तेरा. जे पुसलंत ते परत रंगवा."

"असला पुरावा टिकत नाही," ताई म्हणाली.

"डॉक्टरीणबाई कोर्ट नाहीत ताई. त्यांना कुठे गुन्हेगार शोधायचाय? ती हौस आपल्या घराची." वहिनीने तिच्या हातात पेन दिलं. "तुम्ही आकडे लिहून घ्या."

खालच्या मोठ्या टेबलावर अकरा फोटो चौकटीतून काढून मांडले. कुंचल्याने बाबांचे बारीक ब्रश आणि रंगांची जुनी डबी आणली. छापील फोटोवर हाताने काम करण्याची विद्या त्यालाच काय ती येत होती. आई त्याच्या शेजारी बसली, डावा गाल खिडकीच्या उजेडात धरून, नमुन्यासारखी. अकरा वर्षांत तिने तो गाल असा स्वतःहून कधी कुणापुढे धरला नव्हता.

पहिल्या पाच फोटोंत नुसता व्रण. नाकाच्या बाजूने उतरणारी रेघ, कपाळावरून आणलेला तुकडा, ओढलेली पापणी. कुंचल्याने आधी ब्रशचं टोक कागदावर पुसून पाहिलं. मग कामाला लागला.

"जास्त जाड झाली," आई म्हणाली. "इतकी नव्हती रेघ. तो म्हातारा सर्जन चांगला शिवायचा. तुमच्यापेक्षा त्याचं टाक्यांकडे जास्त लक्ष होतं."

बोलता बोलता तिची नजर अजून हात न लागलेल्या फोटोंवर गेली. त्यांतल्या बाईचा तिला आता संताप आला. आणि खोटं कशाला, ती बाई तिला आवडलीही होती. जिन्यातून जाता-येता ती तिच्याकडे बघून घ्यायची. फोटो काढल्यावर "गाल नीट कर रे" असं कुंचल्याला तीच सांगायची, दरवर्षी, कुणी न विचारता. पोरांना नावं ठेवताना हे तिने सोयीस्कर गाळलं होतं. उत्तम प्रकृतीचं सोंग तिलाही हवं होतं, आणि तिची पोरं तिच्यासारखीच निघाली, ह्यात नवल ते काय.

"अकरावा, तेरा," कुंचला मागून पुढे बोलत गेला. डाग रंगवायला त्याने शेवटापासून सुरुवात केली होती. "दहावा, अकरा. नववा, नऊ. आठवा, आठ." ताई लिहीत होती. थोरला खिडकीपाशी उभा राहून रस्त्यावरच्या रहदारीची पाहणी करत होता.

"डोळ्याकडे सरकला का?" वहिनीने विचारलं.

"नाही. वरची कड आहे तिथेच आहे. खाली पसरलाय, नाकाच्या बाजूने."

ताईने लिहायचं थांबवलं. "म्हणजे पापणी..."

"ते डॉक्टर सांगतील," वहिनी म्हणाली, पण तिचा आवाज मऊ झाला होता. "सावकाश वाढतोय, एवढं खरं दिसतंय."

"सातवा, सहा." कुंचला थांबला.

सहावा फोटो केकचा होता. सगळ्यांच्या हातात बशा, थोरल्याच्या गळ्यात कुणीतरी घातलेली कागदाची फुलं, आणि मध्ये आई. कुंचल्याने सगळ्यात बारीक ब्रश घेतला. रंग लावला. पुसला. पुन्हा लावला. मग एक ठिपका टेकवला, टाचणीच्या टोकाएवढा.

"तिथे नव्हता!" थोरला खिडकीपासून ओरडला. रहदारीत त्याचं लक्ष नव्हतं, हे उघड होतं. "त्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं होतं. तेव्हा काही नव्हतं!"

"होता दादा. तीन नंबरचा ब्रश. मी केकच्या क्रीमचा शिंतोडा समजलो."

"मग डॉक्टरांना कसा दिसला नाही?"

"एवढासा कुणाला दिसणार," वहिनी म्हणाली. नवऱ्याची तिला कीव आली होती, आणि ते तिलाच आवडलं नाही. "त्या वर्षी कुणालाच दिसला नसता."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "त्या वर्षी नसता दिसला. पुढच्या वर्षी दिसला असता."

थोरला येऊन टेबलापाशी बसला. त्याने तो फोटो हातात घेतला आणि स्वतःच्या गळ्यातल्या फुलांकडे बघत राहिला. "मला वाटलं, तुला परत परत तिथे नेऊन आठवण कशाला द्यायची," तो म्हणाला.

"मला आठवण द्यायला दवाखाना लागत होता? माझ्या नाकावर केस उगवतात रे." आईने फोटो त्याच्या हातातून काढून घेतला. "तुला आठवण नको होती. तशी ती मलाही नको होती. चल ऊठ, दिवे लाव. आजचा फोटो राहिलाय."

दुपारी चार वाजता सगळे नेहमीच्या जागी उभे राहिले. स्टँड पितळी खिळ्यांवर, आई मधल्या खुर्चीत. थोरल्याने कॅमेऱ्यात डोळा घातला आणि सवयीने म्हणाला, "आई, मान जरा फिरव ना, उजवा गाल..."

"नाही. मोठा दिवा डावीकडून मार. सगळं दिसू दे."

त्याने दिवा हलवला. परत लेन्समधून पाहिलं. अकरा वर्षांत त्याने आईचा चेहरा पुरता पाहिलाच नव्हता, हे त्याला तिथे कळलं. पुढे येऊन माफी मागण्याइतकं बळ त्याच्यात नव्हतं. त्याने टायमर लावला, धावत येऊन आपल्या जागी उभा राहिला आणि पहिल्यांदाच आईच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

अर्ध्या तासाने कुंचल्याने तो फोटो पडद्यावर चौपट केला. सवयीने हात ब्रशकडे गेला, तेवढ्यात वहिनी मागे येऊन उभी राहिली.

"डाग चौदा आहे," तो म्हणाला. "पण हे बघा ना. उजव्या डोळ्याखाली पण पाणी दिसतंय. दिव्याची चमक असेल का?"

वहिनी वाकली. नीट पाहिलं. मग तिने त्याच्या हातातला माउस बाजूला ठेवला.

"चमक नाही ती," ती म्हणाली.

जिन्याखालून थोरल्याचा आवाज आला, दर वर्षीचाच प्रश्न. "काय रे, कच्चा पुसलास ना?"

कुंचला उत्तर द्यायच्या आत स्टूलवरून आईचा आवाज आला. "पुसून तर बघ म्हणावं. उद्या दवाखान्यात तो कच्चा फोटो आणि मी बरोबरच जाणार आहोत."